पाठीवरची कैरी

पावणा फिरून पुन्हा उंबरापाशीच आला, तेव्हा किशोरने कपाळावर हात मारून घेतला.

"ठमे, आता त्याला घेरी येईल गं! बसव त्याला जरा सावलीत."

सोनाली खो खो हसत सुटली. ठमीला मात्र हसू येईना. तिने लाल ठिपक्यावर क्लिक केलं. पावणा एक पाय हवेत धरून जागच्या जागी थांबला.

हा पावणा म्हणजे काही कुणाच्या घरी आलेला पाहुणा नव्हे. लॅपटॉपच्या पडद्यावरचा बोटाएवढा माणूस तो. डोक्यावर टोपी, पाठीवर फुगलेली सॅक, हातात पाण्याची बाटली. त्याचे पाय किशोरने काढले होते, त्यामुळे ते दोन्ही डावेच वाटत. एका चित्रात एक पाय पुढे, दुसऱ्या चित्रात दुसरा. ही दोन चित्रं भराभर आलटूनपालटून दाखवली, की पावणा तुरुतुरु चालायला लागे. पहिल्यांदा तो चालला तेव्हा पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. आपण काढलेलं चित्र आपल्या डोळ्यांसमोर उठून चालायला लागतं, यापरतं नवल ते काय?

हे नवल ठाकरवाडीत आणलं होतं अक्षदाताईने. ताई लोधिवलीची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बरोबरीच्या मुली सुट्टीत कुठे कुठे फिरायला गेल्या आणि ही बाई कॉलेजमधले जुने लॅपटॉप मागून घेऊन, स्कूटीला पिशव्या लटकवून थेट कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याला आली. शाळेची एक खोली उघडून घेतली आणि पोरांना म्हणाली, चला, खेळ खेळायचे नाहीत, खेळ बनवायचे. तिच्या शिकवण्यात पाठांतर नव्हतं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, बस्स. 'पुढे चाल' हा निळा ठोकळा. 'कायम करत राहा' हा पिवळा. 'जर असं झालं, तर तसं कर' हाही पिवळा, पण त्याच्या पोटात दुसरे ठोकळे मावत. ठोकळ्यांची माळ लावून हिरवा झेंडा दाबला, की पडद्यावरचा गडी हुकमाचा ताबेदार.

आणि चुकलं कुणाचं, तर ताई कधी रागावत नसे. तिचं एक वाक्य पोरांना तोंडपाठ झालं होतं. "पावण्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. आपण सांगू तेवढंच तो करतो. तो चुकला तर त्याला हसू नका, आपलं सांगणं तपासा."

म्हणून ठमी आपलं सांगणं तपासत होती. एकेक ठोकळा काढून पाहिला, पुन्हा लावला. तिला हसायला फुरसत नव्हती, त्याला कारणही तसंच होतं.

ठमीचा बा, शुक्रा, हा लेण्यांच्या वाटेवरचा वाटाड्या. गावच्या समितीने त्याला छातीवर लावायचा पिवळा बिल्ला दिला होता. त्या बिल्ल्याचा त्याला कोण अभिमान! रोज धोतराच्या सोग्याने पुसून लावायचा. पण यंदा एक विचित्र प्रकार सुरू झाला. लेणी बघायला आलेली माणसं रानात चुकायला लागली. मे महिन्याच्या उन्हात मुंबईचं एक म्हातारं जोडपं असंच भरकटलं. दुपारपर्यंत ओढ्याच्या कडेला अडकून पडलं, आजीबाईंना भोवळ आली. त्यांना शोधून, पाठीवर घेऊन खाली आणलं ते शुक्रानेच.

त्याचं कौतुक व्हायचं सोडून भलतंच झालं. मनोजशेठ म्हणून एक गृहस्थ होते. रस्त्यालगत त्यांचं मोठं फार्महाउस होतं आणि दर थंडीत ते रानातून धावायची शर्यत भरवत. ते समितीत म्हणाले, "माणसं हरवतात आणि दर वेळी शुक्रालाच कशी सापडतात? रानात जागोजागी भगव्या रंगाचे बाण आहेत, ते कुणी काढले? वाट चुकली की वाटाड्याला गिऱ्हाईक मिळतं, एवढं न कळायला आपण दूधखुळे आहोत का?" त्यात कुणीतरी सांगितलं, की शुक्राच्या दारात भगव्या रंगाचा डबा आहे. समितीचे अध्यक्ष आबाजी. माणूस भला, पण पंचांसमोर त्यांचाही नाइलाज झाला. रविवारी बैठक घ्यायची आणि बिल्ला काढून घ्यायचा, असं घाटत होतं.

शुक्राने त्या दिवसापासून बिल्ला लावला नाही. तो खांबाच्या खिळ्याला टांगून ठेवला. भाकरी पुढ्यात आली तरी तो नुसता बघत बसे.

आणि डबा होता. त्याचंच तर ठमीला वाईट वाटत होतं. दारात मिरचीचं रोप होतं ते त्याच डब्यात. डब्याच्या कडेवरून भगवे ओघळ खाली आलेले. बा म्हणाला होता, माळावर पडलेला मिळाला. ठमीचा बावर जीव होता, पण एकदा, फक्त एकदाच, तिच्या मनात येऊन गेलं, की बा खरं सांगतोय ना? त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की ती उठून विहिरीवर जाऊन बसली.

लेण्यांच्या वाटेचा खेळ करायचा हे तिनेच ठरवलं होतं. ताईने फोनवर त्या रानाचं वरून दिसणारं चित्र मिळवलं, ते पडद्यावर मागे लावलं, आणि ठमीने पहिल्या झटक्यात पावण्याला लेण्यांपर्यंत नेऊन पोचवलं. उंबरापाशी उजवीकडे, काळ्या कातळावरून सरळ, की आलीच लेणी. ताईने पाहिलं, मान डोलावली आणि मग म्हणाली, "छान. पण हा पाहुणा नाही गं, ही तूच आहेस टोपी घालून. दादरहून पहिल्यांदा आलेला माणूस उंबराला ओळखतो का? तो काय बघून चालेल?"

"बाण," ठमी म्हणाली.

म्हणून मग तिघंजणं ताईचा फोन घेऊन रानात गेली होती. वाटेवर नि आडवाटेवर जिथे भगवा बाण दिसेल तिथे फोटो काढला. प्रत्येक बाण चित्रातल्या नेमक्या जागी, नेमक्या दिशेने बसवला. ठोकळेही सोपे लावले: कायम पुढे चाल, जर बाणाला टेकलास, तर बाण दाखवेल तिकडे वळ. शिवाय पावण्याच्या पायाशी एक पेन बांधलं, म्हणजे तो जाईल तिथे रेघ उमटेल. आणि हा शहाणा उंबरापाशी डावीकडे वळून, रानभर हिंडून, पुन्हा उंबरापाशी येत होता. पुन्हा डावीकडे. पुन्हा उंबर.

शेवटी अक्षदाताई खुर्ची ओढून बसली. तिने सगळे ठोकळे वरून खाली वाचले, खालून वर वाचले. मग चष्मा काढून म्हणाली, "ठमे, तुझ्या ठोकळ्यांत चूक नाही."

ठमी हळूच उभी राहिली.

"ताई, मग बाणच चुकल्यात. पावणा बरोबर चालतोय."

सोनाली म्हणाली, असं कसं होईल? गावातली माणसं रोज त्या वाटेने जातात, कुणाच्या कसं लक्षात येत नाही? सोनाली ही आबाजींची नात. तिचा प्रश्न रास्त होता. त्यावर ठमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती म्हणाली, की गावातलं कुणी बाण बघतंच नाही! पाय आपोआप वळतात. बा सुद्धा बघत नाही. सगळ्यांना बाण आहेत हे ठाऊक, पण ते कुठे नेतात हे चालून बघितलंय कुणी? चुकलेले पाहुणे सोडले, तर वाट ठाऊक नसलेला या रानात आजवर एकच जण चालला होता आणि तो लॅपटॉपमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापायच्या आत सगळे निघाले. ताई बरोबर होतीच, पाण्याच्या बाटल्या नि गुळपोळ्यांचा डबा घेऊन. ठमीने नियम घालून दिला: आज आपण कुणीच ठाकरवाडीचे नाही नि गावचे नाही. आपण पावणे. बाण सांगेल तसंच वळायचं, डोकं चालवायचं नाही.

"ते तर मला रोजचंच हाय," किशोर म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून पुढे झाला. हा किशोर ठमीच्या काकाचा मुलगा. अंगात त्याचा नेहमीचा निळा टीशर्ट होता. मोठ्या भावाने शर्यतीत पाणी वाटलं म्हणून तो त्याला मिळाला होता, तो याने ढापला. गुडघ्यापर्यंत यायचा, पण पठ्ठ्या धुवायला काढला तर काढायचा.

उंबरापाशी बाण होता. डावीकडे. ठमीचे पाय उजवीकडे ओढ घेत होते, ते तिने निग्रहाने वळवले. वाट आधी चांगली रुंद होती. मग करवंदीच्या जाळ्या लागल्या, मग कोरडा ओढा आला. पलीकडच्या खडकावर बाण होता, तोही ओढ्याच्या कडेकडेने वर चढा म्हणून सांगणारा. तिथली माती भुसभुशीत झाली होती. सोनालीने पाय टाकला मात्र, तिच्या पायाखालचा दगड निसटून घरंगळत खाली गेला. "आई गं!" सोनाली कडेवरून घसरली. ठमीने एका हाताने करंजाची फांदी धरली, दुसऱ्या हाताने सोनालीचं मनगट पकडलं आणि किशोरने ठमीची कंबर. ताईने खालून आधार दिला, तेव्हा सोनाली वर आली. दोन्ही गुडघे सोलवटले होते.

"त्या आजीबाई इथंच अडकल्या होत्या," ठमी म्हणाली. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. आत्ता ओढा कोरडा होता. पावसाळ्यात हाच ओढा लोंढ्यासारखा वाहतो, आणि पावसाळ्यातच लेण्यांना जत्रेसारखी गर्दी लोटते. सोनाली गुडघ्यावरची माती झटकत होती.

ओढ्यावरून वाट माळावर चढली. माळाच्या कडेला एका जाळीत किशोरला काहीतरी चमकताना दिसलं. त्याने काठीने ओढून काढला. भगव्या रंगाचा रिकामा डबा! आत वाळलेला ब्रश. ठमीच्या दारातल्या डब्याचा सख्खा भाऊ. ठमीने तो हातात घेतला आणि तिला एकदम रडूच फुटलं. बा खरं बोलला होता. माळावर मिळाला म्हणाला होता, माळावरच मिळाला होता. सोनाली नुसती तिच्या शेजारी बसून राहिली.

माळावरून बाणांनी त्यांना खाली उतरवलं आणि समोर कोण? उंबर! चौघंही धपकन सावलीत बसली. किशोर खाली पडलेली उंबरं गोळा करायला वाकला. सोनाली त्याच्या मागे बाटली तोंडाला लावून बसली होती. तिला जोराचा ठसका लागला.

"किशोर, हलू नको! तसाच वाकून राहा!"

"का? विंचू हाय का?"

"कैरी हाय तुझ्या पाठीवर!"

टीशर्टच्या पाठीवर पांढऱ्या रेघेने काढलेली कैरी होती. देठ, मग डावीकडे फुगलेलं पोट, वर थोडा बाक आणि पुन्हा देठाशी येऊन मिळालेली रेघ. सगळ्यांनी ती शंभर वेळा पाहिली होती. नक्षी असेल, म्हणून सोडून दिली होती. ताईने फोन काढला. पावण्याच्या पेनने उमटवलेली रेघ त्यात होती. तिने फोन किशोरच्या पाठीशेजारी धरला. तोच देठ, तेच पोट, तोच बाक. देठ म्हणजे गावापासून उंबरापर्यंतची वाट. पोट म्हणजे ओढा आणि माळ. कैरी नव्हतीच ती, मनोजशेठच्या शर्यतीचा मार्ग होता. धावणाऱ्यांना गोल फिरवून आणायला काढलेले बाण शर्यत संपल्यावर कुणी पुसलेच नव्हते.

"आणि मी सगळा पुरावा पाठीवर घेऊन हिंडतोय थंडीपासून," किशोर म्हणाला. त्याला मान वळवून आपलीच पाठ बघायची होती, पण ते काही जमेना.

ताईचं मत पडलं, की लगेच जाऊन आबाजींना सांगावं. सोनालीने मान हलवली. मनोजशेठ आधीपासूनच छातीठोकपणे सांगत होते, की त्यांच्या शर्यतीला चुन्याच्या फक्कीचे बाण होते आणि ते केव्हाच उडून गेले. पोरांचं कोण ऐकणार? म्हणतील, टीशर्टवर साधी कैरी आहे. ठमीने बराच वेळ मातीत काडीने रेघा मारल्या आणि मग म्हणाली, "आपण सांगायचंच नाय. त्यांनाच सांगू द्यायचं."

रविवारी बैठकीच्या आधी अक्षदाताईने सगळ्या मोठ्यांना पोरांचे खेळ बघायला बोलावलं. भिंतीवर पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर लावला. आबाजी पहिल्या खुर्चीत बसले, शेजारी मनोजशेठ. शुक्रा मागे दाराला टेकून उभा राहिला. बिल्ला त्याच्या हातात होता, परत द्यायलाच आणलेला. ठमीने तो पाहिला. मग ती पुढे झाली. मनोजशेठना नमस्कार करून म्हणाली, की आम्हाला तुमच्या शर्यतीचा खेळ बनवायचाय, तर धावणारे कुठून कुठे जातात, ते तुम्हीच काढून दाखवता का?

मनोजशेठ खुलले. असं कौतुकाने कुणी विचारलं तर कोण नाही म्हणेल? उठून त्यांनी माउस हातात घेतला आणि चादरीवरच्या रानात ऐटीत निळी रेघ ओढली. "हे गाव. इथून उंबरापर्यंत. उंबरापाशी डावी. मग ओढ्याच्या कडेने वर, हा माळ, आणि उतरून परत उंबर. नामी रस्ता आहे! पुणे-मुंबईचे लोक येतात पळायला."

"आणि कुणी चुकत नाय?" ठमीने भोळेपणाने विचारलं.

"चुकतील कसे? प्रत्येक वळणावर बाण असतो आमचा."

"थँक्यू काका," ठमी म्हणाली. "आता आमचा पावणा बघा. याला काही म्हणजे काही ठाऊक नाय. आज रानात जे भगवे बाण हायेत, तेवढेच बघून तो चालतो."

तिने हिरवा झेंडा दाबला. पावणा आपल्या दोन डाव्या पायांनी तुरुतुरु निघाला. लोक हसले. त्याच्या मागे भगवी रेघ उमटत होती. उंबरापाशी तो डावीकडे वळला आणि हसू कमी झालं. ओढ्याच्या कडेने वर चढला, तेव्हा आबाजी पुढे वाकून बघू लागले. भगवी रेघ निळ्या रेघेवरून चालली होती. माळ आला, उतार आला, उंबर आला. निळी रेघ कुठेच दिसेना, सगळी भगव्याखाली झाकली गेली. पावणा मात्र थांबला नाही. तो पुन्हा डावीकडे वळला आणि पुन्हा गोल फिरायला निघाला. तेवढ्यात किशोर उठून सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

आबाजींनी चष्मा पुसला. चादर पाहिली, किशोरची पाठ पाहिली, मग मनोजशेठकडे वळले.

"शेठ, हे बाण कोणाचे?"

मनोजशेठच्या कपाळावर घाम आला. आपण फक्कीच सांगितली होती, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. आबाजी म्हणाले, ज्याला सांगितली त्याला फोन लावा, आमच्यासमोर. फोन लागला. पलीकडचा गडी अगदी मोकळेपणाने बोलला, "शेठ, फक्की वाऱ्यानं उडत व्हती, मग ऑइलपेंटच मारला. डबे तिथंच माळावर टाकले. का, पुढल्या वर्षीचं काम हाय का?"

मनोजशेठ मटकन खाली बसले. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी: ते पळून गेले नाहीत. थोड्या वेळाने उठले, चालत दारापर्यंत गेले आणि शुक्रासमोर हात जोडून म्हणाले, की मी बघितलंच नाही. माझे बाण पुसले की नाहीत ते बघितलं नाही आणि दोष तुझ्यावर ढकलून मोकळा झालो. पाऊस पडायच्या आत एकेक बाण मी स्वतः तारेच्या ब्रशने घासून काढतो.

"एकटे जाऊ नका, शेठ," शुक्रा म्हणाला. "चुकाल. मी येतो संगं."

सगळी खोली हसली, शेठसुद्धा.

मग आबाजी उठले. आपलीही चूक झाली, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. या रानात जन्म गेला, पण बाण कुठे जातात ते कधी चालून पाहिलं नाही, म्हणाले. मग त्यांनी पोरांना पुढे बोलावलं, अक्षदाताईलाही. "मला वाटायचं, हे कॉम्प्युटरचे खेळ म्हणजे वेळ घालवायचा धंदा. आज कळलं, नीट विचार करायला शिकवतात ते. पोरींनो, आणि तूही रे कैरीवाल्या, तुम्ही गावाची अब्रू राखलीत. अक्षदा, पुढच्या सुट्टीत येशील ना? खोली तुझीच."

ताईने मान डोलावली. चष्मा काढून उगाच पुसत राहिली.

आबाजींनी शुक्राच्या हातातला बिल्ला घेतला आणि त्याच्या छातीवर लावायला गेले. शुक्रा मागे सरकला. म्हणाला, "आबा, तुमी नगा. माझी लेक लावंल."

ठमीने बिल्ला लावला. टाचणी दोनदा चुकली. त्या एका दिवशी मनात आलेला विचार तिने बाला सांगितला नाही, पण त्याच्या छातीवर डोकं टेकवून ती मनसोक्त रडली. शुक्रा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

संध्याकाळी लॅपटॉप आवरायच्या आधी ठमीने खेळात थोडा बदल केला. सगळे भगवे बाण पुसून टाकले. उंबराखाली एक नवं चित्र बसवलं: धोतर नेसलेला, छातीवर पिवळा ठिपका असलेला माणूस. एक नवा ठोकळा जोडला: जर पावणा उंबरापाशी आला, तर थांब आणि विचार. मग तिने बाला खुर्चीत बसवलं आणि झेंडा त्यालाच दाबायला लावला.

पावणा तुरुतुरु आला. उंबरापाशी थांबला. त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. शुक्राला वाचता येत नव्हतं, म्हणून ठमीने वाचून दाखवलं. "शुक्राभाऊ, लेण्यांची वाट कुठली?"

शुक्रा पडद्याकडे बघत राहिला. मग पुढे वाकून, जणू पावण्याला ऐकू जाणार होतं अशा बेताने म्हणाला, "चला माझ्या मागं. आधी पाणी प्या जरा."

आणि पडद्यावरचे ते दोघं उजवीकडे वळून लेण्यांकडे चालू लागले.